दुसऱ्याच्या मुलाचं कायदेशीर पालकत्व: गोव्यात नक्की काय करावं लागतं?

अबोली७
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचक, पण आता विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. आम्ही साखळीचे. माझ्या मावसबहिणीची मुलगी, वय वर्षं नऊ, गेल्या वर्षापासून आमच्याकडे आहे. तिचे बाबा आधीच गेले होते, मग आईही आजारपणात गेली. बाबांकडची आजी आणि काका-काकू पेडण्याला असतात, पण आजी थकलीय आणि काकूच्या पदरात स्वतःची दोन लहान, म्हणून सगळ्यांनी बसून ठरवलं की पोर मावशीकडे राहील. भांडण कसलंच नाही, शाळाही इथलीच घेतली.

अडचण अशी की जिथे जाते तिथे एकच प्रश्न, सही कोणाची? शाळेने सांभाळून घेतलं. पण तिच्या आईच्या विम्याचे पैसे यायचेत, नॉमिनी पोरच आहे, तिथे सांगतात गार्डियन म्हणून कोर्टाची ऑर्डर आणा. ओळखीचे एकजण म्हणतात नोटरीकडे अफिडेव्हिट केलं की झालं, नणंद म्हणते सरळ दत्तक घे, आणि काका म्हणतात कोर्टबिर्ट कशाला, लोक काय म्हणतील, पोरगी आमचीच ना. मिस्टर म्हणतात तू काय ते ठरव मी आहे. आता ठरवू काय ते तुम्ही सांगा.

सत्तरीकार
ताई, आधी तुम्हाला आणि मिस्टरांना नमस्कार. कायद्यातलं मला कळत नाही पण नोटरीच्या कागदावर विसंबू नका. आमच्या वाड्यावर एकाने तसंच केलं होतं, शाळेत चाललं, पुढे बँकेत तो कागद कोणी हातात घेईना.

काळा_कोट
वकिली करतो, पण इथे लिहितोय ते सर्वसाधारण माहिती म्हणून, तुमचे कागद बघितल्याशिवाय सल्ला देता येत नाही.

अफिडेव्हिट म्हणजे तुम्ही शपथेवर सांगितलेली गोष्ट, बस्स. त्याने कोणी पालक होत नाही. आईवडील दोघेही नसतील तर पालक नेमायचा अधिकार जिल्हा न्यायालयाला, गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट १८९० खाली. धर्म कुठलाही असो, कायदा हाच. अर्ज कुठे करायचा, तर मूल नेहमी राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे तुमच्या बाबतीत उत्तर गोवा. साखळी काय पेडणे काय, जिल्हा एकच, त्यामुळे त्यावरून वाद व्हायचं कारण नाही.

अर्ज कोणी करायचा? कलम ८ प्रमाणे ज्याला पालक व्हायचंय तो स्वतः, किंवा मुलाचा कोणीही नातेवाईक किंवा मित्र, किंवा कलेक्टर. मावशी चालते. काकांची परवानगी घेऊनच अर्ज करायचा असं काही नाही, पण जवळच्या नातेवाइकांची नावं अर्जात द्यावीच लागतात आणि कोर्ट त्यांना नोटीस काढू शकतं. तेव्हा त्यांच्यापासून लपवून काही होणार नाही आणि लपवूही नका. आणखी एक, पालक व्हायला मी तयार आहे असं तुमच्या सहीचं निवेदन अर्जाला जोडावं लागतं, त्यावर दोन साक्षीदार लागतात. हे राहून गेलं की अर्ज परत येतो.

लिंबूसरबत
मला काकांचं पटतं थोडं. आपल्याकडे काय कमी पोरं मावशीकडे मामाकडे वाढली? माझे बाबा वाढले आजोळी, कोणी कोर्टात गेलं नव्हतं. आता प्रत्येक गोष्टीला कागद, मग घरात वकील, मग भांडणं. चांगलं चाललेलं बिघडवू नका एवढंच.

नाना_पेडणे
लिंबूसरबत, तुमच्या बाबांच्या नावावर विम्याचे पैसे नव्हते आणि आधार कार्डही नव्हतं. त्या काळची गोष्ट आज लागू नाही.

आणि पूर्वी कागद नव्हता हेही खरं नाही हो. मी कोर्टातच नोकरी केली, जुनी पोर्तुगीज दफ्तरं बघितलीत. १८६७च्या पोर्तुगीज नागरी कायद्यात अनाथ मुलासाठी कुटुंब परिषद असायची, नातेवाईक बसायचे, तुतोर म्हणजे पालक नेमायचे, त्याच्यावर लक्ष ठेवायला आणखी एक प्रोतुतोर, आणि मुलाच्या मालमत्तेची यादी व्हायची. म्हणजे गोव्यात अनाथ पोराचा हिशोब लेखी ठेवायची रीत आपल्या आजोबांच्याही आधीची. गरिबाघरी ती पोचली नाही ही गोष्ट वेगळी.

अबोली बाय, मला एकच विचारायचंय. पेडण्याचं घर, जमीन कोणाच्या नावावर आहे?

अबोली७
नाना, घर आणि काजूची बाग अजून तिच्या आजोबांच्या नावावरच आहे. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचंच नाव. ते जाऊन बरीच वर्षं झाली. वाटणी झालेली नाही. मध्ये काका एकदा म्हणाले होते की पुढेमागे एका कागदावर पोरीच्या वतीने तुझी सही लागेल म्हणून. मी काही बोलले नाही.

नाना_पेडणे
तेच म्हटलं.

काका वाईट असतील असं मी म्हणत नाही, ऐकून घे. पण आजोबांच्या मालमत्तेत मुलाचा जो वाटा होता तो मुलगा गेल्यावर त्याच्या मुलीकडे आला. म्हणजे काका आणि ही नऊ वर्षांची पोर एकाच जमिनीत वाटेकरी आहेत. काकांनी पोरीचा पालक म्हणून सही केली तर एकाच कागदावर एक माणूस देणारा आणि घेणारा दोन्ही होतो. तो देव असला तरी ते बरं नव्हे. आणि तू सही केलीस तर? तुझ्याकडे ऑर्डर नाही, तुझ्या सहीला किंमत शून्य, उद्या पोर मोठी झाल्यावर विचारेल ते वेगळंच.

काळा_कोट
नानांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. याला जोडून सांगतो, पालकत्वाचे दोन भाग असतात, एक मुलाच्या देहाचं म्हणजे सांभाळ, शाळा, दवाखाना, आणि दुसरं मालमत्तेचं. कोर्ट दोन्हींसाठी एकच माणूस नेमू शकतं किंवा वेगवेगळे. माझा अनुभव असा की घरात कुरबूर व्हायची शक्यता असली की सांभाळासाठी आणि फक्त विम्याच्या पैशांपुरता अर्ज आधी करावा, जमिनीचा विषय त्यात ओढू नये. मात्र कलम १० प्रमाणे मुलाच्या मालमत्तेचं स्वरूप, ती कुठे आहे आणि अंदाजे किंमत ही माहिती अर्जात द्यावीच लागते. जमीन आहे हे लिहायचं, तिचं काय करायचं ते मागायचं नाही.

जमिनीचं पुढे जे होईल ते इन्व्हेंटरीत होईल, म्हणजे गेलेल्या माणसाच्या मालमत्तेची यादी आणि वाटणी करायच्या कोर्टातल्या कामात. गोव्याचा वारसा कायदा २०१२चा, लागू झाला २०१६ मध्ये, पण गाभा जुनाच. वारसांत अज्ञान मूल असलं की इतर वारसांनी आपसांत सह्या करून मोकळं व्हायचं, असं चालत नाही.

आणि १८९०च्या कायद्याचं कलम २९ पाठ करून ठेवा. कोर्टाने नेमलेल्या पालकाला मुलाची स्थावर मालमत्ता विकायची, गहाण टाकायची, बक्षीस द्यायची किंवा ५ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर आधी कोर्टाची परवानगी. परवानगी न घेता केलेला व्यवहार मूल पुढे रद्द करून घेऊ शकतं. कोणी सही मागितली की हसत सांगायचं, माझ्या हातात नाही, कोर्टाला विचारावं लागतं. घरातली निम्मी भांडणं या वाक्याने टळतात.

मोगरा
अबोलीताई, मी यातून गेलेय म्हणून लिहिते. माझ्या भावाचा मुलगा, आता दहावीत आहे, तेव्हा सहावीत होता. आम्ही डिचोलीचे.

कोर्टाची भीती मलाही होती पण सगळ्यात जास्त धाकधूक होती ती जज्जांनी मुलाला बोलावलं तेव्हा. कायद्यात आहे की मूल समजून सांगण्याएवढं मोठं असेल तर त्याची इच्छा विचारात घेतात. मला वाटलं होतं त्याला सगळ्यांसमोर उभं करून विचारतील कोण आवडतं तुला. तसं काही झालं नाही. आत चेंबरमध्ये एकट्यालाच घेतलं, आम्ही बाहेर बाकावर. नंतर त्याने गाडीत सांगितलं काय काय विचारलं ते. शाळेत कोण सोडतं, डब्यात काय असतं, अभ्यास कोण घेतं, रात्री झोपतो कुठे, आजीकडे शेवटचा कधी गेला होतास. त्याने सांगितलं म्हणे की आत्या डब्यात रोज उसळ देते आणि मला उसळ आवडत नाही. मी म्हटलं झालं, आता ऑर्डर मिळत नाही.

मिळाली. पण आजीकडे कधी गेला होतास हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. आमच्या ऑर्डरमध्ये आजीला भेटू द्यायचं असं लिहूनच आलं. तुमच्याकडेही आजी आहे तर तुम्ही स्वतःहून अर्जात लिहा, चवथीला आणि मे महिन्यात पेडण्याला पाठवणार म्हणून. आजीची लेखी संमती मिळाली तर सोन्याहून पिवळं. माझ्या भावाने जाण्याआधी एका वहीत लिहून ठेवलं होतं की मुलाला ताईकडे ठेवा, ती वहीसुद्धा वकिलांनी जोडली होती, गेलेल्या आईवडिलांची इच्छा पण बघतात. तुमच्या बहिणीने कुठे काही लिहिलं असेल, व्हॉट्सॲपवर असेल, शोधा.

अबोली७
मोगराताई 😄 उसळीचं वाचून आत्ता स्वयंपाकघरात बघितलं, उद्यासाठी वाटाणे भिजत घातलेत.

बहिणीचे मेसेज आहेत माझ्या फोनवर, हॉस्पिटलमध्ये असताना पाठवलेले. उघडायचं धाडस होत नव्हतं. बघते. पण दत्तकाचं काय? नणंद सारखी तेच म्हणते, गार्डियन काय मोठं, दत्तक घेतलंस की पोर कायमची तुझी.

फोंडेकर_बाब
नणंदेचं बरोबर आहे माझ्या मते. गार्डियनशिप अठराव्या वर्षी संपते. मग ती पोर तुमची कोण? कागदावर कोणी नाही. दत्तक घेतलं तर तुमची वारस. अर्धवट काम कशाला करायचं.

काळा_कोट
बाब, अर्धवट नव्हे, वेगळं काम.

दत्तक म्हणजे जुव्हेनाईल जस्टिस ॲक्ट २०१५ प्रमाणे मूल सर्वार्थाने दत्तक आईबापाचं होतं, जन्माच्या घराशी कायद्याचं नातं तुटतं. दत्तकाआधी जी मालमत्ता मुलाच्या नावावर आली असेल ती मात्र तशीच राहते. नातेवाइकातल्या मुलाचं दत्तक घेता येतं, त्याची नोंदणी कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पोर्टलवर होते आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर आदेश जिल्हाधिकारी देतात, कोर्ट नव्हे. नोटरीकडचं दत्तकपत्र घेऊन कोणी आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

गार्डियनशिपमध्ये मुलीचं नाव, आडनाव, आईबाबांची नावं सगळं तसंच राहतं. तुमच्या मालमत्तेत तिला आपोआप वाटा नाही हे खरं. आणि गोव्यात एक मेख आहे जी बाकी देशात बहुतेकांना लागू नाही, तुम्हाला स्वतःची मुलं असतील तर मृत्युपत्राने तुम्ही तुमच्या हिश्श्याचा अर्धाच भाग मनाप्रमाणे देऊ शकता, उरलेला अर्धा मुलांचा ठरलेला. म्हणजे तिच्यासाठी काही ठेवायचं तर त्या अर्ध्यातून. दत्तक मुलगी असेल तर ती तुमच्या मुलांच्या बरोबरीने वारस होते, घरात मोठी मुलं असतील तर हे त्यांच्याशी आधी बोला.

वय १८चं म्हणालात ते बरोबर. पूर्वी कोर्टाने पालक नेमलेलं मूल २१ला सज्ञान व्हायचं, १९९९च्या दुरुस्तीने ते सगळ्यांसाठी १८ झालं. जुन्या माणसांच्या तोंडी अजून २१ असतं.

मोगरा
मी दत्तक नाही घेतलं ते मुद्दाम. त्याला त्याचे बाबा आठवतात हो. शाळेच्या वहीवर तो बाबांचं नाव लिहितो ते मी कशाला बदलू. अठरानंतर कागदावर मी त्याची कोणी नसेन, नसू दे, आत्या आहेच की. लहान बाळ असतं, कोणाचीच आठवण नसती, तर कदाचित वेगळा विचार केला असता.

शैला_म्हापसा
मध्येच विचारते, माफ करा. माझी बहीण वारली, तिचा नवरा तारवटी, वर्षातले आठनऊ महिने बोटीवर. भाचा माझ्याकडे. त्याचे बाबा म्हणतात तूच हो गार्डियन. होईल का?

काळा_कोट
शैलाताई, तुमचं प्रकरण वेगळं. वडील हयात आहेत आणि नालायक ठरत नाहीत तोवर कोर्ट मुलाच्या सांभाळासाठी दुसरा पालक नेमत नाही, १८९०च्याच कायद्याचं कलम १९. २०१०च्या दुरुस्तीने आईलाही तेच लागू झालं. बोटीवर असणं म्हणजे नालायक असणं नव्हे. ते घरी आले की त्यांच्याकडून शाळा आणि दवाखान्यासाठी स्पष्ट अधिकारपत्र करून घ्या, तुमचा रोजचा व्यवहार त्यावर चालेल. पासपोर्टसारख्या गोष्टी त्यांच्याच सहीने.

सत्तरीकार
माझाही एक प्रश्न, आमच्याकडे काजूच्या हंगामात बाहेरून कामाला आलेलं कुटुंब होतं, त्यातली बाई वारली, नवरा कुठे गेला कोणाला माहीत नाही, पोरगा पाचेक वर्षांचा, बागवाल्याच्या घरी राहतो. तो माणूस चांगला आहे, पोराला आपल्या पोरांसारखं बघतो, म्हणतो मीच ठेवतो. त्यानेपण हाच अर्ज करायचा का?

नाना_पेडणे
नाही नाही नाही. तिथे आधी १०९८ला, मुलांच्या हेल्पलाइनला फोन. ज्या मुलाचं कोणीच समोर नाही अशा मुलाची खबर २४ तासांत चाइल्डलाइन, पोलीस किंवा बाल कल्याण समितीला द्यायची असते, न देणं हा गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. बागवाल्याच्या मनात खोट नसेल, पण उद्या त्या पोराचे आजी-आजोबा गावाकडे शोधत असतील तर? समिती आधी घर शोधते, मग पुढचं. याला सांभाळायचं असेल तर त्याने समितीसमोरच सांगावं, त्याचाही विचार होतो. आजच फोन करायला लाव त्याला.

सत्तरीकार
केला फोन. बागवाला आधी चिडला, मग स्वतःच बोलला त्यांच्याशी. उद्या येतायत.

शैला_म्हापसा
बरं झालं. मला अजून एक, हे माझं नाही मैत्रिणीचं. तिची शेजारीण क्रिस्तांव होती, एकटीच होती, मुलगा अकरा वर्षांचा, आता तो हिच्याकडे. ही हिंदू. कोर्ट देईल?

काळा_कोट
मैत्रीण अर्ज करू शकते, "मित्र" या शब्दात ती बसते. कोर्ट मुलाचं वय, लिंग, धर्म, पालकाचा स्वभाव आणि ऐपत, नात्याची जवळीक हे सगळं बघतं. धर्म हा एक मुद्दा आहे, एकमेव नव्हे, सगळ्यात वर मुलाचं हित. तिने काय करावं, मुलाला रविवारी मिसाला नेते का, त्याचं फर्स्ट कम्युनियन झालं असेल तर त्याचा दाखला जपलाय का, पाद्री त्याला ओळखतात का, हे दाखवावं. मुलाला त्याच्या रीतीने वाढवते हे दिसलं की निम्मी शंका तिथेच मिटते.

लिंबूसरबत
वाचतोय सगळं. वर मी बोललो ते पेडण्याच्या जमिनीचं माहीत नसताना. तरी मला वाटतं ताईंनी काकांशी आधी घरात बसून बोलावं, नोटीस पोस्टाने जाऊन पडली तर माणूस दुखावतो. आपल्या लोकांना कोर्टाचं पाकीट म्हणजे अपमानच.

मोगरा
हे मात्र शंभर टक्के. आमच्या काकीने पाकीट बघून दोन महिने अबोला धरला होता.

अबोलीताई, हिशोबाचं सांगायचं राहिलं. मालमत्तेचं पालकत्व मिळालं की कोर्ट सांगेल तसा हिशोब द्यावा लागतो, बाँडही घेऊ शकतात, मालमत्तेची यादी सहा महिन्यांत मागतात. मी लाडवांचा एक स्टीलचा डबा फक्त त्याच्या पावत्यांसाठी ठेवलाय, फी, चष्मा, गणवेश, पावसाळी बूट, सगळ्या पावत्या त्यात, मागे पेनाने तारीख. खात्यातून काढलेला प्रत्येक रुपया कशाला गेला ते दिसलं पाहिजे. खाणंपिणं मी त्यातून कधी घेतलं नाही, पण ते ज्याचं त्याने ठरवावं, ऐपत नसेल तर कोर्टाला विचारून घेता येतं, त्यात लाज कसली.

सत्तरीकार
ऐपतीवरून आठवलं, सरकारची काही मदत असते ना?

नाना_पेडणे
केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत स्पॉन्सरशिप आहे, महिन्याला ४,००० रुपये, नातेवाइकांकडे राहणाऱ्या अनाथ मुलालाही मिळू शकते. उत्पन्नाची अट आहे, गावात वर्षाला ७२,००० आणि इतर ठिकाणी ९६,००० पर्यंत. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करायचा.

अबोली७
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. रविवारी पेडण्याला जाऊन आलो दोघं. आजी म्हणाली, बाय, तू सांभाळतेस म्हणून मी जेवते, कुठे अंगठा लावू सांग. काका मात्र गप्प होते, मग जेवताना म्हणाले, म्हणजे जमिनीवर तू बसणार. मिस्टरांनी शांतपणे सांगितलं की अर्जात जमिनीचं काही मागत नाही, फक्त सांभाळ आणि विमा. त्यावर हो पण नाही म्हणाले आणि नाही पण नाही. निघताना काकूने पोरीसाठी फणसाचं साठ दिलं, ते मी होकारातच धरते.

एक अजून. मिस्टरांची पुण्याला बदली व्हायची शक्यता आहे. झालीच तर?

काळा_कोट
सांभाळाचा पालक कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाला कोर्टाच्या हद्दीबाहेर राहायला नेऊ शकत नाही, कलम २६. बदली पक्की व्हायची वाट बघू नका, अर्जातच शक्यता लिहा आणि त्यासाठी वेगळी परवानगी मागा. नंतर मागितली तरी मिळते, पण मग काका विचारणार की आधी का नाही सांगितलं.

जाण्याआधी कागद तपासा. मुलीचा जन्मदाखला, आईबाबा दोघांचे मृत्यूदाखले, शाळेचं बोनाफाईड, विम्याची कागदपत्रं, तुमचा रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला. जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा.

अबोली७
जुळत नाही. 🙈 जन्मदाखल्यावर बाबांचं नाव पूर्ण आहे, आधारवर नुसतं आद्याक्षर.

नाना_पेडणे
तर आधी ते आधार दुरुस्त कर, मग वकिलाकडे जा. जन्मदाखला बरोबर आहे त्याला हात लावू नको. आणि आजीचा अंगठा घेशील तेव्हा संमतीपत्र तिला मोठ्याने वाचून दाखव आणि वाचून दाखवलं असं त्यात खाली लिहून घे.